गळते छप्पर, खालची भांडी

१. घर गळू लागले तर

मृगाचा पाऊस कोसळत आहे. रात्रीची वेळ आहे. अशा वेळी छप्पर गळू लागले, तर घरची माणसे काय करतात?

आधी भांडी शोधतात. पातेले, घमेले, बादली, जे हाती लागेल ते धारेखाली ठेवतात. दाण्यांची कणगी बाजूला सारतात. लहान पोराला आणि आजारी माणसाला कोरड्या कोपऱ्यात नेऊन निजवतात. पाऊस उघडला, की शिडी लावून वर चढतात. फुटके कौल काढतात आणि नवे बसवतात.

म्हणजे कामे दोन झाली. खाली भांडे ठेवणे हे एक. वर कौल बसवणे हे दुसरे.

नुसती भांडीच ठेवत राहिलो, तर भांडी भरत राहतील. पुढच्या साली वासाही कुजेल. बरे, नुसतेच कौल बसवायला धावलो, तर तेवढ्या वेळात खाली दाणे भिजतील आणि पोर थंडीने काकडेल. शहाणे घर दोन्ही कामे करते. कोणते आधी आणि कोणते मग, हेही ते जाणते.

आज पृथ्वीच्या हवामानाचे असेच झाले आहे. ऊन वाढले आहे. पाऊस लहरी झाला आहे. त्याबाबतही कामे दोनच आहेत. ज्यामुळे ऊब वाढते ते कमी करणे, हे वर कौल बसवण्यासारखे. जी ऊब वाढलीच आहे ती सोसायची तयारी करणे, हे खाली भांडे ठेवण्यासारखे. पुस्तकात पहिल्या कामाला ‘उपशमन’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अनुकूलन’ म्हणतात. शब्द जड आहेत. आपण सोपे शब्द घेऊ. पहिले काम म्हणजे धूर आवरणे. दुसरे काम म्हणजे झळ सोसणे.

ही दोन्ही कामे गावाने कशी शिकावी आणि त्यांचा तोल कसा राखावा, ते या पाठात पाहू.

२. ऊब का वाढली?

लाकूड, कोळसा, डिझेल, पेट्रोल जळले, की एक वायू निघतो. त्याला कर्बवायू म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. पण तो हवेत साठत जातो. रात्री गोधडी पांघरली, की अंगाची ऊब बाहेर जात नाही. तसाच हा वायू पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडी मुळीच नसती, तर पृथ्वी गारठून गेली असती. म्हणून थोडी गोधडी हवी. पण आज एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा गोधड्या चढत आहेत.

हे मोजून पाहिलेले आहे. कारखान्यांचे युग सुरू होण्याआधी दहा लाख मापे हवेत सुमारे २८० मापे कर्बवायू होता. १९५८ साली हवाई बेटावरच्या एका डोंगरावर शास्त्रज्ञ तो नेमाने मोजू लागले. तेव्हा तो सुमारे ३१५ मापे भरला. २०२४ साली तो ४२४ च्या आसपास गेला.

आणखीही वायू असे काम करतात. पाणी तुंबलेल्या भातखाचरातून आणि गुरांच्या पोटातून मिथेन नावाचा वायू निघतो. जमिनीत जादा युरिया पडला, की त्यातूनही एक वायू निघतो. हे वायू कर्बवायूपेक्षा थोडे असतात, पण मापाला माप धरले तर ऊब फार जास्त धरतात. या पाठात सोयीसाठी आपण या सगळ्यांना मिळून ‘धूर’ म्हणू.

आता परिणाम पाहा. माणसांनी नोंदी ठेवायला लागल्यापासून २०२४ हे साल सर्वांत उष्ण ठरले. कारखान्यांच्या युगाआधीपेक्षा पृथ्वीची ऊब त्या साली सुमारे दीड अंशाने जास्त होती. दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण माणसाच्या अंगाचेच पाहा. अंग दीड अंशाने तापले, की आपण म्हणतो ताप आला. मग काम सुचत नाही.

उष्ण हवेत वाफ जास्त मावते. दर अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त मावते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धोधो पडतो, आणि नाही तेव्हा मोठी उघडीप देतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. पाऊस वर्षाचा तेवढाच दिसला, तरी पिकाच्या गरजेला तो मिळतोच असे नाही.

३. धूर कोणाचा, झळ कोणाला?

गावात हा विषय काढला, की कोणीतरी उठून विचारतोच, “धूर केला शहरांनी आन् कारखान्यांनी. मग शिकवण आम्हाला का?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टाळू नये. आधी हिशेब पाहू. कोळसा, तेल आणि गॅस जाळून होणारा कर्बवायू माणशी वाटला, तर अमेरिकेत माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन पडतात. सगळ्या जगाची सरासरी पाच टनांच्या थोडी खाली आहे. भारतात माणसामागे सुमारे २ टन पडतात. त्यातही ज्याच्या घरी मोटार आहे, एसी आहे, त्याचा वाटा मोठा. कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि मजुराचा वाटा फार थोडा.

झळ मात्र उलटी लागते. एसीतल्या माणसाला ती कमी लागते. उन्हात खुरपणाऱ्या बाईला, वीटभट्टीवरच्या मजुराला, पत्र्याच्या खोलीत पडलेल्या म्हाताऱ्याला ती जास्त लागते.

असे समजा, की एका आढ्याखाली मोठा वाडा आहे. वाड्यात पुष्कळ बिऱ्हाडे आहेत. वरच्या बिऱ्हाडांनी कौले फोडली आणि खालच्या बिऱ्हाडांच्या डोक्यावर पाणी गळू लागले. खालच्याने एकट्याने दोन कौले बसवली, तर सगळी गळती थांबणार नाही. कौले सगळ्यांनी मिळून बसवायची आहेत, आणि ज्याने जास्त फोडली त्याने जास्त बसवायची आहेत. २०१५ साली पॅरिस शहरात जगातल्या देशांनी करार केला. पृथ्वीची ऊब दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची, आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असे त्यात ठरले. तो करार अशा वाड्यातल्या बैठकीसारखाच आहे.

यातून आपल्या गावासाठी एक गोष्ट कळते. तोल राखायचा म्हणजे निम्मे हे आणि निम्मे ते, असा नव्हे. ज्याचा धूर थोडा आणि ज्याला झळ मोठी, त्याने आधी झळ सोसायची तयारी करावी. पण ती तयारी अशी असावी, की तिच्यामुळे आणखी कौले फुटू नयेत. ही या पाठातली मुख्य गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवा.

४. एकच धडा शिकवला तर

गावात शिकवायला माणसे येतात. काही नुसतेच धुराचे सांगतात. झाडे लावा, पाचट जाळू नका, वीज वाचवा. सांगतात ते खोटे नाही. पण ज्याचे सोयाबीन कालच्या पावसात कुजले, त्याच्या मनाला ते भिडत नाही. तो म्हणतो, “माझं या साली काय करता, ते बोला.” दुसऱ्या दिवशी तो वर्गाला येत नाही.

काही जण नुसतेच झळीचे सांगतात. बोअर घ्या, तळे करा, मोठा पंप बसवा. हे लगेच पटते. पण सगळ्यांनीच बोअर घेतल्या, की दहा वर्षांत पाणी खोल जाते. मग जास्त ताकदीचा पंप लागतो, जास्त वीज लागते, आणि त्या विजेसाठी कुठेतरी जास्त कोळसा जळतो. भांडे ठेवता ठेवता आपणच कौल फोडले, असे होते.

म्हणून दोन्ही धडे एकाच वर्गात हवेत. एकाच बैठकीत, एकाच फळ्यावर हवेत.

५. एका कामात दोन्ही साधतात

काही कामांत दोन्ही गोष्टी साधतात. आपल्याकडे ‘एक पंथ दो काज’ म्हणतात, तसे. अशी कामे आधी धरावीत.

कोकणातल्या भाताचे पाहा. तिथे जुनी रीत अशी. उन्हाळ्यात पाला, फांद्या, गवत, शेण जमिनीवर पसरून राब भाजायचा. पावसात रोप करायचे. मग चिखलणी आणि मग लावणी. पाऊस लांबला, की रोप तसेच उभे राहून म्हातारे होते. राबासाठी झाडे छाटली जातात. धूरही होतो.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी एक वेगळी रीत बसवली. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. जमीन एकदा नांगरून कायमचे गादीवाफे करायचे. मग पुढच्या वर्षी नांगरणी नाही, राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर सारख्या अंतराने खड्डे पाडायचे आणि त्यांत बी टोकायचे. कापणी झाली, की मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजून जमीन भुसभुशीत होते. मागून त्याच वाफ्यावर वाल किंवा चवळी घेता येते.

यात झळ कशी सोसते? रोप लावणीसाठी अडून राहत नाही. माती पावसाने कमी वाहते. ओल जास्त टिकते. धूर कसा आवरतो? राब जळत नाही. चिखलणीचे डिझेल वाचते. पाणी तुंबून राहत नाही, म्हणून मिथेन कमी निघतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. या रीतीत तणनाशक वापरतात. ते विषारी असते. फवारताना तोंडाला फडके बांधावे, अंग झाकावे, विहिरीजवळ आणि ओढ्याजवळ फवारू नये. आणखी एक. लावणीच्या मजुरीवर ज्या बायकांची चूल पेटते, त्यांचे काय? हा प्रश्न वर्गात विचारलाच पाहिजे. मागून कडधान्य घेतले, तर त्यांना तोडणीचे, झोडणीचे काम मिळू शकते. पण ते आपोआप मिळत नाही. गावाने बसून ठरवावे लागते.

दुसरे उदाहरण अहमदाबाद शहराचे. २०१० सालच्या मे महिन्यात तिथे कडक ऊन पडले. नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १३०० हून जास्त माणसे दगावली. मग २०१३ साली शहराने उष्म्याचा आराखडा केला. ऊन वाढणार असे कळले, की लोकांना आधीच इशारा द्यायचा. दवाखान्यातल्या माणसांना उष्माघाताचे शिक्षण द्यायचे. पाण्याची सोय करायची. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतवते. खाली खोली काही अंशांनी गार राहते. विजेचा पंखा कमी फिरवावा लागतो. झळही कमी, धूरही कमी. आपल्या नागपूर शहरानेही २०१६ पासून असा आराखडा केला. पत्र्यावर चुन्याचा हात मारणे गावातही जमण्यासारखे आहे. खर्च थोडा, लाभ रोजचा.

तिसरे, गोबरगॅस. शेण उघड्यावर कुजण्यापेक्षा टाकीत कुजले, तर तोच मिथेन चुलीखाली जळतो. लाकूडफाटा वाचतो. बाईच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर जातो. रानातली झाडे राहतात. टाकीतून निघालेली मळी शेताला खत म्हणून जाते. मात्र टाकीला आणि नळीला गळती नसावी. गळती असली, की तो मिथेन हवेतच गेला म्हणायचा.

चौथे, युरिया. माती तपासून, लागेल तेवढाच आणि दोनतीन हप्त्यांत द्यावा. जोराच्या पावसात एकदम टाकलेला युरिया वाहून जातो. त्यात पैसाही वाहून जातो. मोजून दिलेला युरिया पिकाला लागतो, आणि हवेत वायूही कमी जातो.

६. एक साधते, दुसरे बिघडते

काही कामे दिसायला चांगली असतात, पण त्यांना दुसरी बाजू असते. वर्गात खरी चर्चा इथेच होते.

सौरपंप घ्या. २०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना काढली. तिच्यातून शेतकऱ्यांना सौरपंप मिळू लागले. डिझेल जळत नाही, रात्री पाण्याला जावे लागत नाही, साप-विंचवाचे भय नाही. धूर आवरला, हे खरेच. पण सूर्य बिल पाठवत नाही. फुकटचे पाणी दिवसभर उपसता येते. गावाने पाण्याचा नियम केला नाही, तर तोच पंप विहीर लवकर कोरडी करील. म्हणजे धूर आवरला आणि झळ वाढली. म्हणून सौरपंपाला नाही म्हणायचे का? नव्हे. पंप घ्यावा. सोबत ठिबक घ्यावे, आणि पाण्याचा नियमही करावा.

शेततळ्याचे तसेच. पावसाचे वाहते पाणी तळ्यात साठवले, तर ते उत्तम. उघडीप पडली, की एकदोन पाणी देऊन पीक वाचते. पण काही भागांत लोक जमिनीतले पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरतात. तिथे ते उन्हाने आटते. एकाचे तळे भरते आणि शेजाऱ्याची विहीर तळाला जाते. एकाने भांडे ठेवले खरे, पण दुसऱ्याच्या घरातून उचलून.

पाण्याचा नियम गाव करू शकते का? करू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधल्या हिवरे बाजारने तो केला. हे गाव दुष्काळी पट्ट्यातले. एके काळी माणसे पोटासाठी गाव सोडून जात. पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर, म्हणजे १९९० नंतरच्या वर्षांत, गावाने श्रमदान केले. डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी केली, म्हणजे झाड तोडायचे नाही. चराईबंदी केली, म्हणजे डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत. शेतीला बोअर घ्यायची नाही. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. दर साली पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, ते पाहून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाणी कमी असले, तर पिकेही तशीच घ्यायची.

ध्यानात घ्या, आधी तिथे झळ सोसायचेच काम झाले. पण ते असे झाले, की डोंगरावरची झाडे वाढली, त्यांनी हवेतला कर्बवायू लाकडात आणि मातीत धरला, आणि खोल उपशाची वीजही वाचली. भांडे ठेवता ठेवता दोन कौलेही बसली.

७. तीन प्रश्नांची कसोटी

सोनार सोने कसाला लावतो, तसे प्रत्येक काम तीन प्रश्नांना लावावे.

पहिला प्रश्न. हे काम आपल्याला झळ सोसायला बळ देते का?

दुसरा प्रश्न. याने धूर कमी होतो, की वाढतो?

तिसरा प्रश्न. याचा लाभ कोणाला आणि भार कोणावर?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर ते काम आधी धरावे. मात्र तिसऱ्या प्रश्नाची सोय करून मगच सुरू करावे.

झळ सोसते, पण थोडा धूर होतो, असे काम गरिबासाठी असेल, तर करावे. दमेकरी म्हातारीच्या खोलीत पंखा बसवायला गावाने मागेपुढे पाहू नये.

धूर आवरतो, पण झळ वाढते, असे काम नियम घालून करावे. सौरपंपाचे आपण पाहिलेच.

दोन्हीही बिघडते, ते काम सोडून द्यावे. मग त्याला अनुदान असले, तरी सोडावे.

८. वर्ग कसा भरवावा?

१९८९ साली इंडोनेशिया देशात भातावर तुडतुडे फार झाले होते. तिथे शेतकऱ्यांसाठी एक नवी शाळा निघाली. ती शेतातच भरे. शेतकरी रोपे पाहत, किडे मोजत, आपसांत बोलत आणि मग ठरवत. गुरुजी थोडे बोलत. आपल्याकडेही अशा शेतीशाळा भरतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. त्यातही बांधावरच्या शेतीशाळेवर भर दिला.

त्याच धर्तीवर सहा संध्याकाळचा वर्ग भरवता येईल.

पहिली संध्याकाळ आठवणींची. गावातल्या आजीला, आजोबाला बोलवावे. पूर्वी पेरणी कधी होई, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाही, आंब्याला मोहर कधी येई, ते विचारावे. फळ्यावर बारा महिने लिहावे. तेव्हा आणि आता, असे दोन रकाने करावे. नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाने ते लिहावे.

दुसरी संध्याकाळ शिवारफेरीची. ती उजेड असतानाच निघावी. विहिरीत दोरी सोडून पाणी मोजावे. कोणाची घरे ओढ्याकाठी आहेत, कोणाचे छप्पर पत्र्याचे आहे, ते पाहावे. भूमिहीनांच्या वस्तीला आधी जावे.

तिसरी संध्याकाळ झळीची. उष्माघात कसा ओळखावा, ते सर्वांनी शिकावे. अंग भाजल्यासारखे तापते. माणूस बरळतो किंवा भोवळ येऊन पडतो. पुष्कळदा घाम येणे थांबते. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ नंबरला फोन करून दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नये. नुसता थकवा असेल आणि शुद्ध असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. मजुरीची वेळ पहाटे आणि संध्याकाळी ठेवता येईल का, त्याचीही चर्चा याच दिवशी करावी. विजांचेही इथेच सांगावे. पुण्याच्या हवामान संस्थेने मोबाइलवर ‘दामिनी’ नावाची सोय केली आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली, की ती आधी सांगते. मग झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात जावे.

चौथी संध्याकाळ धुराची. आपल्या गावात काय काय जळते, त्याची यादी करावी. चूल, राब, पाचट, कचरा, डिझेल. प्रत्येकासमोर लिहावे, की त्यात आपला पैसा किती जातो आणि आपली तब्येत किती बिघडते. धुराची गोष्ट पैशाशी आणि खोकल्याशी जोडली, की ती सगळ्यांना आपली वाटते.

पाचवी संध्याकाळ कसोटीची. लोकांनी सुचवलेली कामे तीन प्रश्नांना लावावी. हो आणि नाही यांसाठी चिंचोके आणि खडे वापरावे. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्यालाही मत देता येते. बायकांचे मत वेगळे मोजावे. ते पुष्कळदा पुरुषांहून निराळे निघते, आणि पाणी त्याच भरतात.

सहावी संध्याकाळ ठरावाची. तीनच कामे निवडावी. एक या महिन्यात होणारे, एक या साली होणारे, एक पाच वर्षांचे. ती ग्रामसभेत मांडावी. मागणी लिहून द्यावी आणि तिची पोच घ्यावी. लिहिता येऊ लागल्याचा हा मोठा उपयोग आहे. तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते. कागदावरचे बोलणे कचेरीत राहते.

९. आम्ही केल्याने जग बदलेल का?

हा प्रश्न शेवटी येतोच. “आम्ही राब भाजला नाय, म्हणून जगाचा ताप उतरणार हाय का?”

खरे सांगायचे तर, एकट्या गावाने उतरणार नाही. जगाची गळती थांबवायला मोठ्या कारखान्यांनी, मोठ्या शहरांनी आणि मोठ्या देशांनी कौले बसवली पाहिजेत. तसे खोटे आश्वासन कोणी गावाला देऊ नये.

मग आपण का करायचे? एक तर, आपण निवडलेल्या कामांचा लाभ आपल्याच पदरात पडतो. ओल टिकते, पैसा वाचतो, खोकला जातो. जग सुधारेपर्यंत त्यासाठी थांबावे लागत नाही. दुसरे, गळती वाढत राहिली, तर भांडी पुरणार नाहीत. ऊब अशीच चढत गेली, तर हिवरे बाजारचे चरही कोरडे पडू शकतात. म्हणून धूर थांबावा, यात सगळ्यांत जास्त गरज आपली आहे. तिसरे, ज्याने आपल्या अंगणातली कामे नीट केली, त्याला वरच्या बिऱ्हाडाला जाब विचारता येतो. “आमच्या वाट्याचं आम्ही केलं. आता तुमचं दाखवा.” हे बोलायला हिशेब माहीत असावा लागतो. तो वाचून कळतो. म्हणून वाचायला शिकायचे, आणि वाचलेले चारचौघांत सांगायचे.

या आठवड्यात एवढे करा. आपल्या घराची एक झळ आणि एक धूर वहीत लिहा. मग असे एक काम शोधा, ज्याने दोन्ही कमी होतील. पुढच्या वर्गाला ते वाचून दाखवा.

प्रश्न

१. धूर आवरणे आणि झळ सोसणे यांत फरक काय?
२. तोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे, असे का म्हटले आहे?
३. सौरपंपासोबत पाण्याचा नियम का हवा?
४. राब न भाजता केलेल्या भातशेतीत कोणाचा लाभ होतो? कोणाची मजुरी बुडू शकते? तुमच्या गावात यावर काय तोड निघेल?
५. तुमच्या गावातले एक काम घ्या आणि तीन प्रश्नांना लावून पाहा.

कठीण शब्द

उपशमन – कमी करणे, शांत करणे
अनुकूलन – बदललेल्या स्थितीला जुळवून घेणे
सरासरी – सगळ्यांचे मिळून माणशी पडणारे माप
ताळेबंद – जमा आणि खर्च यांचा मेळ
ठराव – सभेने लिहून पक्की केलेली गोष्ट
पोच – कागद मिळाल्याची सही